टाचेच्या भेगा आणि काशाची वाटी

दारी आलेल्या वाटसरूला पाय धुण्यास पाणी देण्याची आपली रीत अतिथिधर्माचा भाग म्हणून सर्वांस परिचित आहे. परंतु ज्या मुलखात सरकारी थैल्या घेऊन दरमजल धावणाऱ्या जासूदजोड्या, धान्यमिठाच्या तांड्यांमागून चालणारे लमाण आणि पंढरीचे वारकरी यांचा सारा प्रपंच दोन तळव्यांवर तोललेला असे, त्या मुलखात तो तांब्याभर पाण्याचा उपचार चिकित्सेचाही आरंभ होता, हे आपण विसरलो आहोत. पेशवाईतील पत्रावर पैवस्तीची, म्हणजे ते पोचल्याची, मिती पाहिली की मला ती थैली आणणाऱ्याच्या टाचा आठवतात.

त्या टाचांची दखल शास्त्राने फार पूर्वी घेतली होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांचे प्रकरण आहे. फार चालणाऱ्याच्या रुक्ष झालेल्या तळव्यांना पडणाऱ्या सवेदन चिरा ती पाददारी. दूषित चिखलाच्या स्पर्शाने बोटांच्या बेचक्यांत खाज, दाह आणि ओल उत्पन्न होते तो अलस. खड्याने वा काट्याने दुखावलेल्या जागी बोराएवढी कठीण गाठ धरते तो कदर. आपल्या बोलीत याच भेगा, चिखल्या आणि कुरूप. कदर शस्त्राने काढून तप्त स्नेहाने डागावा, असे ग्रंथकार सांगतात आणि पाददारीतही शिरावेधाचा निर्देश करतात. तथापि त्यापुढचा सारा भर स्नेहन, स्वेदन आणि मेण, राळ, तूप, गेरू यांच्या लेपावर आहे, तर अलसासाठी पाय कांजीत भिजवून कडुनिंब आणि हिराकस यांचा लेप सांगितला आहे.

ही द्रव्ये घराघरांत बदलत गेली, पण पद्धत टिकली. लावणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभ्या राहणाऱ्या कोकणातील बायका रात्री पाय धुऊन, बेचके कोरडे करून मेंदीचा पाला वाटून लावीत. भेगांसाठी त्यांच्यापाशी मुठेल असे. कोकमाच्या बिया वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या म्हणजे वर तरंगणारा स्नेह काढून घ्यावयाचा आणि तो थिजू लागताच मुठीत दाबून त्याचे गोळे करावयाचे, असा तो उद्योग. हे तेल थंडीत दगडासारखे घट्ट राहते आणि वितळण्यास अंगाच्या उष्णतेहून किंचित अधिक ऊब मागते. म्हणून ते दिव्यावर पातळ करून भेगेत सोडीत, तेथे ते थिजे, भेगेवर झाकण बसे आणि त्याखाली कातडीचा ओलावा टिकून ती हळूहळू सांधली जाई. शेणगोठ्यात वावरणाऱ्या त्या बायकांनी साधलेली ही युक्ती मला कोणत्याही ग्रंथोक्त लेपाहून उणी वाटत नाही.

देशावरचा उपाय अधिक जहाल. सुईला बिब्बा टोचून दिव्यावर धरावा आणि पाझरणारे काळे तेल भेगेत टिपावे. परंतु बिब्बा उतला म्हणजे फोड येऊन पाय सुजे, आणि भेग परवडली असे म्हणण्याची पाळी येई. कुरूप गावचा न्हावी ऊन पाण्यात पाय भिजवून, नरम झालेले थर एकेक करून वस्तऱ्याने उतरवी. त्याच्या हातातील हळुवारपणास माझा नमस्कार. पण ज्यांचे तळवे मधुमेहाने बधिर झाले आहेत, त्यांनी आज बिब्बा आणि वस्तरा या दोहोंपासून दूर राहावे, कारण चटका बसला किंवा पाते खोल गेले तरी त्यांना कळत नाही, आणि तेवढ्याशा जखमेपायी पाय गमावण्याचा प्रसंग येतो.

पादाभ्यंगाची महती चरकाने सांगितली आहे: पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, श्रम आणि बधिरता त्याने शमते. आपल्याकडे त्यासाठी काशाची वाटी आली. तळव्यांना तूप वा खोबरेल लावून वाटी घासता घासता ते काळे पडते, आणि अंगातील उष्णता बाहेर पडली असे वडीलधारी मंडळी मोठ्या समाधानाने सांगत. तो काळिमा वस्तुतः काशातील तांब्याचा व कथिलाचा, घर्षणाने स्नेहात उतरलेला. तरीही दुखऱ्या पायाला मिळणारा आराम खरा होता, कारण स्नेह खरा होता, चोळणे खरे होते आणि त्यासाठी कोणीतरी अर्धी घटका खाली बसत होते.

आळंदीहून पंढरीपर्यंतची सुमारे 250 किलोमीटरांची वाट संतांच्या पादुका पालखीत घालून चालली जाते. मुक्कामाच्या गावी सांजावले की ओळीने बसलेल्या वारकऱ्यांपुढे गावकरी तेलाच्या वाट्या घेऊन येतात, आणि ज्याचे नावगाव विचारलेले नाही अशा म्हाताऱ्याचा फुटलेला पाय मांडीवर घेऊन चोळू लागतात.