मीठकर

मिठाचे उत्पादन व आयात यांवर बसविण्यात येणारा अप्रत्यक्ष कर. शासनाकडे त्याचा भरणा मीठ उत्पादक वा व्यापारी करतो. तथापि मिठाच्या किंमतीत मिसळून तो अखेरीस ग्राहकाकडूनच वसूल होतो. आपण कर देत आहोत, याची जाणीव ग्राहकास सहसा नसते. म्हणून अशा कराला छुपा कर असेही म्हणतात. ब्रिटिश अंमलातील भारतीय मीठकर हे त्याचे ठळक उदाहरण होय.

बंगालमध्ये १७७२ साली ईस्ट इंडिया कंपनीने मीठनिर्मितीवर आपले नियंत्रण बसविले. मुंबई इलाख्यात १८३७ च्या कायद्याने मणामागे ८ आणे शुल्क सुरू झाले. प्रांतोप्रांतीचे दर भिन्न असल्याने स्वस्त मिठाची चोरटी ने-आण होई. ती रोखण्यासाठी उत्तर व मध्य भारतात काटेरी कुंपणाची जकातरेषा राखण्यात आली होती; ती १८७९ मध्ये रद्द झाली. १८८२ मध्ये बहुतेक प्रांतांत मणामागे २ रु. असा समान दर ठरला व १८८८ मध्ये तो २·५० रु. झाला. मणाचे ४० शेर व रुपयाचे १६ आणे या हिशेबाने शेरभर मिठामागे १ आणा कर पडे. दुकानात विचारला जाई तो मिठाचा भाव; त्यात मिठाचे मोल किती व कर किती, हे ग्राहकास कळत नसे.

मीठ गरीब-श्रीमंतांस जवळजवळ सारखेच लागते. त्यामुळे उत्पन्नाच्या प्रमाणात कराचा भार गरिबांवर अधिक पडे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ साली अर्थसंकल्पावरील भाषणात कर कमी करण्याची मागणी केली. १९०३ पासून दर टप्प्याटप्प्याने घटून १९०७ मध्ये १ रु. झाला. पहिल्या महायुद्धकाळात, १९१६ मध्ये, तो १·२५ रु. करण्यात आला. १९२३ मध्ये विधिमंडळाचा विरोध डावलून व्हाइसरॉयने विशेषाधिकाराने तो दुप्पट केला. पुढील वर्षी तो पूर्ववत झाला.

महात्मा गांधींनी १९३० च्या सत्याग्रहासाठी हाच कर निवडला. दांडीपाठोपाठ वडाळा, शिरोडा इ. ठिकाणी लोकांनी मीठ उचलून कायदेभंग केला. किंमतीत दडलेला कर त्यामुळे घरोघरी चर्चेचा विषय झाला. १ एप्रिल १९४७ पासून मीठकर रद्द करण्यात आला. २०१७ मध्ये लागू झालेल्या वस्तू व सेवा करातूनही मीठ वगळण्यात आले.