शिळाछापाच्या चित्राचें मोल

एखादी वस्तु स्वस्त मिळाली म्हणजे ती घडविणाऱ्याचे श्रमहि स्वस्तच असले पाहिजेत, असा आपला सहज समज असतो. तो किती फसवा आहे, हें शिळाछापाच्या इतिहासावरून चांगलें दिसून येतें.

ही कला म्यूनिकच्या आलोइस सेनेफेल्डर या नाटककारानें शोधून काढली. आपलीं नाटकें थोड्या खर्चांत छापतां यावींत म्हणून त्यानें केलेल्या खटपटींतून १७९८ च्या सुमारास ती सिद्ध झाली. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट खडूनें चित्र काढावयाचें, मग गोंद व आम्ल लावून ती शिळा तयार करावयाची. पुढें ती ओली करून शाई फिरविली कीं शाई केवळ रेखाटलेल्या जागींच धरते. अशा एका शिळेवरून शेंकडों प्रती निघत.

व्हिएन्नाच्या योसेफ क्रीहूबर (१८००-१८७६) यानें या साधनानें सुमारें ३००० चित्रें केलीं. त्यांत बहुतेक व्यक्तिचित्रेंच होतीं. छापतांना चित्र उलटें उमटत असल्यामुळें प्रत्येक चेहरा शिळेवर उलटा रेखाटावा लागे. गिऱ्हाइकास प्रत थोडक्यांत मिळे, ती श्रम कमी पडत म्हणून नव्हे, तर त्या श्रमांचा खर्च शेंकडों जण वाटून घेत म्हणून. १८४६ च्या त्याच्या एका प्रसिद्ध चित्रांत लिस्ट पियानो वाजवीत आहे, बर्लिओझ व चेर्नी जवळ आहेत, आणि त्या मंडळींत क्रीहूबरनें स्वतःलाहि स्थान दिलें आहे. कलावंताचा हा अभिमान आम्हांस उचितच वाटतो. पुढें छायाचित्रें सुलभ झालीं आणि या धंद्यास उतरती कळा लागली.

आपल्याकडेहि हा प्रश्न उपस्थित झालाच. १८७८ सालीं विष्णुशास्त्री चिपळूणकर प्रभृतींनीं पुण्यास चित्रशाळा काढली व नाना फडणविसांसारख्या पुरुषांचीं चित्रें घरोघर पोंचलीं. १८९४ सालीं मुंबईस राजा रविवर्म्यांचा छापखाना निघाला. मूळ तैलचित्र एकाचें. परंतु रंगागणिक निराळी शिळा तयार करणारे हात दुसऱ्यांचे. रविवर्म्यांचें नांव सर्वांच्या ओठीं राहिलें; त्या हातांचीं नांवें मात्र कोणी विचारलीं नाहींत.

घरांतील जुन्या तसबिरीची किंमत करतांना तिला पूर्वी पडलेले आणे मोजून भागणार नाहीं. ती एक प्रत आहे हें खरें; पण तिच्यामागची शिळा घडविण्याचे श्रम अखंडच होते, हें ध्यानांत ठेवणें आम्हांस न्यायाचें वाटतें.