छाप आणि चॉप : मुंबईचे सूत, चिनी बाजारपेठ व व्यापारचिन्हांचा कायदा

चीनमधील बौद्धिक संपदेच्या कायद्यांविषयी गेल्या चार दशकांत जे विपुल लेखन झाले आहे, त्यात बहुधा एकच कालरेषा आढळते. १९८२ चा व्यापारचिन्हांचा कायदा, १९८४ चा पेटंटचा कायदा, १९९० चा ग्रंथस्वामित्वाचा कायदा, अमेरिकेशी १९९२ व १९९५ साली झालेले करार आणि अखेरीस ११ डिसेंबर २००१ रोजी चीनने जागतिक व्यापार संघटनेत केलेला प्रवेश, अशा पायऱ्यांनी ही कथा पुढे सरकते. तिच्या मुळाशी एक गृहीत असते. ते असे की, परक्याच्या मालखुणेचा मान राखण्याची कल्पनाच चिनी व्यापाराला अपरिचित होती व ती बाहेरून, दडपणाखाली, शिकवावी लागली. प्रस्तुत लेखात हे गृहीत मुंबईच्या बाजूने तपासून पाहावयाचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या गिरण्यांतील सुताचा फार मोठा हिस्सा चीनमध्ये खपत असे. आणि तेथे तो ओळखला जाई तो मुख्यतः त्याच्या छापेवरून.

आरंभ शब्दापासूनच करणे सोयीचे होईल. कँटनच्या बंदरात इंग्रज, पारशी व चिनी व्यापारी ज्या मिश्र बोलीत व्यवहार करीत, तीत ‘चॉप’ म्हणजे शिक्का, परवाना, मालावरील खूण, आणि त्यावरून मालाची प्रत. उत्तम मालाला ‘फर्स्ट चॉप’ म्हणत. हेन्री यूल व ए. सी. बर्नेल यांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात या शब्दाचे मूळ आपल्याकडील ‘छाप’ हेच दिले आहे. त्याच्या जोडीला पोर्तुगिजांचा ‘चापा’ही ध्यानात घ्यावा लागतो. मकावमधील चिनी अधिकाऱ्यांच्या ज्या पत्रांना पोर्तुगीज ‘चापा’ म्हणत, त्यांचा संग्रह लिस्बनच्या दप्तरखान्यात आहे व २०१७ साली युनेस्कोने त्याची जागतिक स्मृतिठेवा म्हणून नोंद केली. मनोरी-गोराईपासून वसईपर्यंतचा आपला किनारा १७३९ पर्यंत ज्या फिरंगी सत्तेखाली होता, तिचेच मकाव हे पूर्वेकडील ठाणे. या दोन शब्दांचा संगम वाटेत नेमका कोठे झाला, हा वाद भाषाशास्त्रज्ञांवर सोपविणे बरे. येथे एवढेच नोंदवावयाचे की, चिनी किनाऱ्यावर मालखुणेला जे नाव रूढ झाले ते युरोपातील कायदेपंडितांनी दिलेले नाही. ते हिंदी महासागरातील व्यापारी बोलीतून आलेले आहे.

ही कल्पना चिनी व्यापाऱ्यांना नवी होती असेही म्हणता येत नाही. सुंग राजवटीच्या काळातील एक ताम्रपट्ट आज बेजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. जिनान येथील लिऊ नावाच्या सुयांच्या दुकानाची ती जाहिरात असून तिच्यावर पांढऱ्या सशाचे चित्र आहे आणि दारातील पांढरा ससा हीच आमची खूण, असे गिऱ्हाइकाला सांगितले आहे. पुढे सुंगजियांग या कापूस-कापडाच्या प्रदेशात १६५९ साली कोरलेला एक शिलालेख सापडतो. दुसऱ्याच्या पेढीचे नाव कापडावर घालून विकणाऱ्यांस त्यात सरकारी ताकीद दिलेली आहे. शांघायच्या कापड व्यापाऱ्यांच्या महाजन-संघाने तर आपल्या सभासदांच्या खुणांची नोंदवहीच ठेवली होती आणि १८२५ साली ती सुधारून नव्याने तयार केली. अर्थात् या सर्वांस आजच्या अर्थाने ‘हक्क’ म्हणणे चुकीचे होईल. येथे संरक्षण होते ते महाजनांच्या शिस्तीचे, आणि क्वचित् प्रसंगी स्थानिक अधिकाऱ्याच्या जाहीरनाम्याचे. संघाबाहेरच्या मनुष्यावर ती शिस्त चालत नसे. तथापि दुसऱ्याची खूण चोरणे हा अपराध आहे, ही समजूत तेथे होती, याविषयी शंका राहत नाही.

आता मुंबईकडे वळू. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली स्थापन केलेल्या कंपनीची गिरणी १८५६ मध्ये चालू झाली. १८७० नंतरच्या दोन दशकांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. परंतु त्यांतील बऱ्याच गिरण्यांची नजर देशी बाजारपेठेपेक्षा समुद्रापलीकडे अधिक होती. दहा, बारा, सोळा व वीस नंबरांचे जाडे सूत हा त्यांचा मुख्य माल. सुताचा नंबर म्हणजे एका रत्तलात ८४० वारांच्या किती लडी बसतात तो आकडा. अर्थात् नंबर जितका लहान, तितके सूत जाड. हे सूत चीनमधील घरगुती मागांवर जाई व तेथील हातसुताच्या जोडीने विणले जाई. चीनकडे रवाना होणारी गासडी ४०० रत्तलांची असे. हा आकडा सहज ठरलेला नाही. चिनी पिकुल हे वजन १३३⅓ रत्तलांचे, त्यामुळे गासडी बरोबर तीन पिकुलांची होई. गिऱ्हाइकाच्या तराजूला जुळेल असे माप मुंबईने आपल्या मालाला दिले होते.

सुताच्या व्यापारात छापेला एवढे महत्त्व का यावे, हे या मालाच्या स्वरूपावरूनच समजते. कापड डोळ्यांनी पारखता येते, हाताने चाचपता येते. सुताच्या बंद पुड्याचे तसे नाही. लडीत वार कमी भरले आहेत काय, सुतात ओलावा जादा ठेवून वजन वाढविले आहे काय, नंबर सांगितला तोच आहे काय, हे पुडा सोडून लडी मोजल्यावाचून कळत नाही. आणि खेड्यातील विणकर काही लडी मोजीत बसत नाही. तो पुड्यावरचे चित्र ओळखतो. त्या चित्राचा माल गेल्या खेपेस मागावर नीट चालला असेल तर तेच चित्र पुन्हा मागतो. म्हणून एकाच गिरणीच्या, एकाच नंबराच्या सुताला जुन्या नामांकित छापेखाली एक भाव व नव्या छापेखाली दुसरा, असा प्रकार घडे. शिवाय सुताची छाप माल वापरताच नाहीशी होते. पुड्याचा कागद फाटला की तिचा माग उरत नाही. कापडाच्या टोकावर जसा ठसा राहतो तसा पुरावा येथे राहत नाही, आणि म्हणून सुताच्या छापेची नक्कल पकडणे हे कोणत्याही न्यायालयाला अवघडच होते.

कायद्याचा आधार मुंबईत तरी कितपत होता? १८६० च्या दंडसंहितेत खोट्या व्यापारचिन्हांविषयी कलमे होती. १८८७ च्या ब्रिटिश कायद्यामागोमाग १८८९ साली हिंदुस्थानात मालखुणांचा कायदा झाला. परंतु चिन्हाची सरकारी नोंदणी करून मालकी शाबीत करण्याची सोय त्यात नव्हती. ती उणीव गिरणीवाल्यांनी आपसांत भरून काढली. १८७५ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या गिरणीमालक संघाने सभासदांच्या चिन्हांची नोंद ठेवण्याची पद्धत पाडली. म्हणजे व्यापाराच्या एका टोकाला शांघायच्या महाजनांची वही आणि दुसऱ्या टोकाला मुंबईच्या गिरणीमालकांची वही. सरकारी नोंदणीखाते दोहोंकडेही नाही. या साम्याकडे आजवर अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही, असे आम्हांस वाटते.

या दोन वह्यांच्या मधला टापू मात्र निर्नायकी होता. तहबंदरांत परकीयांवर चिनी न्यायालयाचा अधिकार चालत नसे. मुंबईचा व्यापारी, मग तो ससूनांच्या पेढीचा असो की शांघायमधील टाटा आणि कंपनीचा, ब्रिटिश प्रजाजन म्हणून १८६५ साली शांघाय येथे स्थापन झालेल्या ब्रिटिश न्यायालयाच्या कक्षेत येई. त्याची छाप दुसऱ्या ब्रिटिश प्रजाजनाने उचलली तर दाद मिळे. जर्मन व्यापाऱ्याने उचलली तर जर्मन वकिलातीच्या दारी जावे लागे, आणि चिनी व्यापाऱ्याने उचलली तर आपल्या वकिलामार्फत चिनी अधिकाऱ्याची मनधरणी करावी लागे. कायदा नव्हता म्हणण्यापेक्षा कायदे फार होते, आणि त्यांपैकी कोणताच संपूर्ण बाजारपेठेवर चालत नव्हता, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. या अवस्थेचा दोष एकट्या चीनच्या माथी मारणे न्यायाचे नाही; न्यायाधिकाराची ही वाटणी चीनने मागितलेली नव्हती.

५ सप्टेंबर १९०२ रोजी शांघाय येथे झालेल्या ब्रिटिश-चिनी तहाच्या सातव्या कलमात व्यापारचिन्हांचा विषय प्रथम आला. चिनी लोकांच्या चिन्हांचे ब्रिटिश प्रजेकडून होणाऱ्या अतिक्रमणापासून, व ब्रिटिश चिन्हांचे चिनी प्रजेकडून होणाऱ्या अतिक्रमणापासून संरक्षण व्हावे, आणि शाही सागरी जकात खात्याच्या देखरेखीखाली नोंदणी-कचेऱ्या उघडाव्यात, असा त्याचा आशय. ८ ऑक्टोबर १९०३ रोजी अमेरिका व जपान यांनी तशीच कलमे आपापल्या तहांत घालून घेतली. रॉबर्ट हार्ट यांच्या जकात खात्याच्या साहाय्याने १९०४ साली २८ कलमांची तात्पुरती नियमावली जाहीर झाली. परंतु परकीय सत्तांनी हरकती घेतल्यामुळे तिची अंमलबजावणी लांबणीवर पडली. ज्यांनी कायदा मागितला त्यांनीच तो अडविला, हा या प्रकरणातील विसरू नये असा भाग.

हा तह ब्रिटनच्या वतीने सर जेम्स मॅके यांनी केला. मॅके हे कलकत्त्याच्या मॅकिनन मॅकेंझी पेढीचे भागीदार. टांकसाळींत रुपयाची मुक्त पाडणी बंद करावी म्हणून १८९२ पासून जी चळवळ झाली, तिच्या चलन-संघाचे अध्यक्षही हेच. जून १८९३ मध्ये सरकारने टांकसाळी बंद केल्या. त्यामुळे रुपया चांदीपासून सुटला आणि चीन मात्र चांदीवरच राहिला. मुंबईचे सूत चिनी गिऱ्हाइकाला एकाएकी महाग झाले. ज्या गृहस्थाने ब्रिटिश साम्राज्यातील मालाच्या छापेला चीनमध्ये संरक्षण मिळवून दिले, त्याच्याच पुरस्काराने नऊ वर्षांपूर्वी त्या छापेखालच्या मालाचा भाव बिघडला होता. यात मॅके यांचा मुंबईविरुद्ध काही डाव होता असे सुचवावयाचे नाही. चहा, नीळ, जहाजवाहतूक आणि सरकारचा खर्च यांच्या गणितात मुंबईच्या सुताचे वजन कमी पडले, इतकेच.

पुढचे आघात एकामागून एक आले. जपानने १८९४ साली सुतावरील निर्यात-जकात व १८९६ साली कापसावरील आयात-जकात उठविली. १८९५ च्या शिमोनोसेकीच्या तहाने परकीयांना तहबंदरांत कारखाने काढण्याची मुभा मिळाली व शांघायमध्येच चात्या फिरू लागल्या. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि कोकणातून आलेला गिरणीकामगार गावाकडे पळाला. याखेरीज एक घरचे दुखणे होते, आणि आमच्या मते छापेच्या इतिहासात तेच अधिक महत्त्वाचे आहे. गिरण्यांच्या व्यवस्थापक एजंटांचे कमिशन बरीच वर्षे नफ्यावर नसून उत्पादनावर, रत्तलामागे पाव आणा, असे ठरलेले असे. नफा होवो वा तोटा, सूत जितके अधिक निघेल तितके एजंटाचे उत्पन्न अधिक. माल पुष्कळदा पक्क्या मागणीवाचून, आडतीवर, चीनला धाडला जाई. अशा व्यवस्थेत प्रत राखण्याची गरज कोणाला वाटावी? नकलेने छाप बुडते, पण तिचा धनीच तिच्याखाली हलका माल भरू लागला तर ती अधिक लवकर बुडते, आणि त्याविरुद्ध १९०२ च्या तहात कलम असणे शक्यच नव्हते. १९२७ साली सर फ्रँक नॉईस यांच्या अध्यक्षतेखालील जकात मंडळाने मुंबईच्या कापडधंद्यातील मंदीची चौकशी केली, तेव्हा चीनची सुताची बाजारपेठ हातची गेल्याचे कारण त्यास ठळकपणे नमूद करावे लागले.

चीनचा पहिला खराखुरा व्यापारचिन्ह-कायदा मे १९२३ मध्ये झाला. तोवर मुंबईच्या सुतापुरता तो कालबाह्य झाला होता. गंमतीची गोष्ट अशी की, ज्या हिंदुस्थानातून हा माल जात होता, तेथे व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा झाला तो १९४० साली, म्हणजे चीननंतर १७ वर्षांनी. औद्योगिक संपदेच्या पॅरिस करारात चीन १९८५ साली सामील झाला, भारत १९९८ च्या डिसेंबरात. कायद्याची तारीख ही एखाद्या समाजाच्या व्यापारी नीतिमत्तेची मोजपट्टी मानली, तर आपल्यालाही अडचणीचे प्रश्न विचारले जातील.

विल्यम आल्फर्ड यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, परकीयांच्या दडपणाखाली आणलेले हे कायदे चिनी समाजात रुजले नाहीत. दडपणाविषयीचे त्यांचे म्हणणे मान्य होण्यासारखे आहे. परंतु चिनी परंपरेत बौद्धिक संपदेच्या कायद्याला समांतर असे देशी काही नव्हते, या त्यांच्या मताला ग्रंथांच्या बाबतीत जेवढा आधार मिळतो, तेवढा कापूस आणि सुताच्या बाबतीत मिळत नाही. साहित्याच्या नकलेवरून व्यापारखुणेच्या नकलेविषयी अनुमान काढणे धोक्याचे आहे.

अलीकडच्या काळातील एकच उदाहरण येथे पुरे. अमेरिकेने २००७ साली जागतिक व्यापार संघटनेपुढे चीनविरुद्ध तक्रार नेली. तिचा निर्णय जानेवारी २००९ मध्ये लागला. फौजदारी कारवाईसाठी चीनने ठरविलेल्या किमान मर्यादेविषयीचा आक्षेप अमेरिकेला सिद्ध करता आला नाही. मात्र जप्त केलेल्या नकली मालावरील चिन्ह नुसते काढून टाकून तो लिलावात विकण्याची चिनी जकात खात्याची पद्धत नियमबाह्य ठरली. चिन्ह काढले म्हणजे मालाचा व चिन्हाचा संबंध संपतो काय, हा प्रश्न सुताच्या पुड्याचा कागद फाडणाऱ्या विणकराच्या बाबतीत एकेकाळी वेगळ्या रूपाने उभा होताच.

मुंबईच्या गिरणीमालक संघाचे वार्षिक अहवाल हे या विषयाचे प्रमुख साधन आहे. त्यांतील चिन्हांच्या नोंदी आजवर अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी निरुपयोगी म्हणून ओलांडल्या. त्या शांघायच्या महाजनांच्या नोंदवहीशेजारी ठेवून वाचण्याचे काम चिनी भाषा जाणणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने हाती घ्यावे. कोणती चित्रे दोन्हीकडे आढळतात, कोणती केवळ निर्यातीसाठी योजलेली होती, आणि १८९३ नंतर कोणती नोंदणीतून गळाली, हे तीन प्रश्न घेऊन आरंभ करता येईल.