आईना आणि शिकलगार

इ. स. १५७९ हे वर्ष गोव्याच्या वाङ्मयीन इतिहासात दोन कारणांनी लक्षणीय ठरते. सप्टेंबरमध्ये ख्रिस्ती पंडितांची मागणी घेऊन अकबराचा वकील गोव्यास आला. ऑक्टोबरमध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट तेथे उतरला. स्टीफन्सने १६१६ साली मराठीस ‘ख्रिस्तपुराण’ दिले. अकबराच्या निमंत्रणातून मात्र फारसी भाषेत एका दीर्घ धर्मवादाचा आरंभ झाला.

रोदोल्फो आक्वाव्हिवा, आंतोनियो मोन्सेरात व फ्रान्सिस्को एन्रिकेस हे तिघे १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीस पोहोचले. एन्रिकेस होर्मूझचा व फारसी जाणणारा असल्याने दुभाष्याचे काम त्याच्याकडे आले. ईश्वराला पुत्र कसा असू शकेल, या अकबराच्या शंकेचे समाधान मात्र पाद्र्यांना करता आले नाही.

येथे दोन भाषांतील भेद ध्यानात घेतला पाहिजे. स्टीफन्सने स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा वैष्णव परंपरेतील शब्द योजला. परंतु ख्रिस्ताची कथा त्याला मुळापासून सांगावी लागली. उलट फारसी वाचकास ईसा व मरियम कुराणामुळे परिचित होते. ‘नबी’, ‘किताब’ या संज्ञाही प्रचलित होत्या. परिभाषा समान असल्यामुळेच वाद थेट ‘पुत्र’ या शब्दापाशी येऊन थांबला.

१५९५ साली लाहोरास आलेल्या जेरोम झेवियरने फारसीचा कसून अभ्यास केला. अब्दुस्सत्तार लाहोरी याच्या साहाय्याने त्याने १६०२ मध्ये ‘मिरात-उल-कुद्स’ हे ख्रिस्तचरित्र सिद्ध केले. पुढे जहांगिराच्या दरबारातील चर्चांत हाच अब्दुस्सत्तार पाद्र्यांच्या मतांचे खंडन करताना दिसतो. ज्याने त्यांना भाषा दिली, तोच त्यांचा जाणता प्रतिपक्षी ठरला.

झेवियरचा ‘आईना-ए-हकनुमा’ हा ग्रंथ १६०९ मध्ये पूर्ण झाला. पाद्री, मुल्ला व तत्त्वज्ञ यांचा संवाद असे त्याचे स्वरूप आहे. मराठीत ‘हक्क’ म्हणजे अधिकार. या नावातील ‘हक’ म्हणजे सत्य, अर्थात् सत्य दाखविणारा आरसा. त्याच्या संक्षेपास इस्फाहानच्या सय्यद अहमद अलवी याने १६२२ च्या सुमारास उत्तर लिहिले आणि त्यास ‘मिसकल-ए-सफा’ असे नाव दिले. मिसकल हे धातूस झिलई देण्याचे साधन होय. शस्त्रे उजळणाऱ्या कारागिरास मराठीत आपण ‘शिकलगार’ म्हणतो, तो शब्दही याच अरबी धातूपासून आला आहे. प्रतिपक्षाचा आरसा फोडावयाचा नसून त्यावरील गंज काढावयाचा आहे, असे या नावातून सूचित होते.

अलवीच्या ग्रंथास फिलिप्पो ग्वादान्योली याने १६३१ मध्ये रोम येथून लॅटिनमध्ये उत्तर दिले. वादाचा निर्णय झाला नाही. तथापि कोणत्या एका शब्दावर दोन्ही पक्षांची वाट वेगळी होते, हे उभयतांस नेमके समजले. मराठीत त्या काळी दोन्ही पक्षांना मान्य अशी परिभाषा नव्हती. त्यामुळे असा प्रत्यक्ष वादही येथे उभा राहिला नाही.