चावडीवरचा माणूस आणि अर्धा सेकंद



गावात नवा पोस्टमन आला म्हणजे पहिले काही दिवस त्याची कशी तारांबळ उडते, ते तुम्ही पाहिलेच असेल. पाकिटावर नुसते नाव असते. घर कुठल्या आळीला, ते कोणी लिहिलेले नसते. मग तो चावडीवर येऊन विचारतो, तेथला माणूस घर सांगतो, आणि पोस्टमन ते आपल्या वहीत टिपून घेतो. पुढच्या पत्राला चावडी गाठावी लागत नाही. वही उघडायची आणि नीट त्या दारात जायचे.

संगणकाच्या पोटातही असाच एक चावडीवरचा माणूस बसलेला असतो. त्याला डायनॅमिक लिंकर म्हणतात. तुमच्या अँड्रॉइड मोबाइलमध्येही तो आहे. आज त्याची हकिगत सांगायची आहे, कारण २०२४ साली याच चावडीवर एक मोठा दगा होता होता टळला.

प्रोग्राम म्हणजे यंत्राला दिलेल्या हुकमांची यादी. पण प्रत्येक काम प्रत्येकाने नव्याने का लिहावे? वर्गमूळ काढण्याची रीत एकाने नीट बसवली, की ती बाकीच्यांनी वापरावी. इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठात एडसॅक नावाचे यंत्र ६ मे १९४९ रोजी चालू झाले. तेथे मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या तिघांनी अशा तयार रीतींचा संग्रहच केला. भोके पाडलेल्या कागदी फितींवर त्या उतरवून कपाटात ठेवलेल्या असत. ज्याला जी हवी तिची नक्कल तो आपल्या फितीवर करून घेई. दुसऱ्याच्या रीतीत शिरलेले यंत्र परत आपल्या ओळीवर कसे यावे, याची युक्ती व्हीलरने काढली होती.

आता पाहा, नकलेत एक खोट आहे. शंभर जणांनी नक्कल नेली आणि मूळ रीतीत चूक सापडली, तर शंभर ठिकाणी ती दुरुस्त कोण करणार? शिवाय शंभर नकलांना जागा लागते, ती वेगळीच.

यावर तोड काढली अमेरिकेत. १९६५ च्या सुमारास एमआयटी, बेल लॅब्ज आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी मल्टिक्स नावाची व्यवस्था हाती घेतली. तीत प्रोग्रामने फक्त नाव लिहून ठेवायचे. त्या नावाने पहिली हाक मारली की यंत्र क्षणभर थांबे, ती रीत कोठे आहे ते शोधी आणि पत्ता जोडून देई. पुढच्या हाका थेट जात. १९८० नंतरच्या दशकात सन कंपनीच्या आणि एटी अँड टीच्या युनिक्समध्ये हीच कल्पना नव्या रूपाने आली. आजच्या लिनक्समध्ये तिची घडण अशी : प्रत्येक प्रोग्रामजवळ पत्त्यांचा एक तक्ता असतो, तीच पोस्टमनची वही. लिंकर नाव पाहतो, सामायिक लायब्ऱ्यांत ते धुंडाळतो आणि पत्ता तक्त्यात भरतो. कोठे हे काम पहिल्या हाकेला होते, तर कोठे सुरुवातीलाच सारे पत्ते भरून तक्ता कुलूपबंद करतात, म्हणजे मागाहून कोणी त्यात खाडाखोड करू नये.

तुम्ही म्हणाल, चावडीवरच्या माणसानेच चुकीचे घर सांगितले तर? प्रश्न रास्त आहे. त्याच्यावर देखरेख ठेवण्याचीही सोय आहे. ती आधी सनच्या सोलॅरिसमध्ये होती, आणि २००६ पासून लिनक्सच्या मुख्य लायब्ररीतही आली. हिचे नाव ऑडिट, म्हणजे तपासणी. लिंकरच्या शेजारी एक तपासनीस बसवता येतो. कोणते नाव कोणत्या पत्त्याला जोडले, ते दर वेळी त्याला कळवले जाते. दोष शोधणाऱ्याला याचा फार उपयोग. मात्र या तपासनिसाला एक अधिकार अधिक आहे. तो म्हणेल तर सांगितलेला पत्ता बदलून वहीत दुसराच भरला जातो.

याच अधिकारावर एकाने डोळा ठेवला. एक्सझेड नावाची फाइली लहान करणारी एक लायब्ररी आहे. एक गृहस्थ ती अनेक वर्षे विनावेतन सांभाळत होते. जिया टॅन असे नाव लावणारा कोणी एक त्यांच्या मदतीला आला. दोन-अडीच वर्षे त्याने इमानाने काम केले, विश्वास मिळवला, आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये निघालेल्या दोन आवृत्त्यांत गुपचूप विष कालवले. दूरच्या सर्व्हरमध्ये शिरण्याचे जे दार, त्या एसएसएचला खरे तर ही लायब्ररी लागतच नाही. पण लिनक्सच्या काही वितरणांत ती सोयऱ्याच्या सोयऱ्याप्रमाणे, दुसऱ्या एका लायब्ररीचा हात धरून आत येई. तक्त्याला कुलूप लागण्याआधीच ती जागी होई आणि आपला तपासनीस लिंकरशेजारी बसवी. येणाऱ्याची सही पारखणाऱ्या रीतीचे नाव निघाले, की तो आपलाच पत्ता पुढे करी. मग ज्याच्यापाशी ती गुप्त किल्ली, त्याला सारा सर्व्हर मोकळा!

हे उघडकीला कसे आले, ते ऐकण्यासारखे आहे. आन्द्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारा अभियंता. तो वेगाच्या चाचण्या घेत होता. त्याला दिसले की, जेथे सुमारे ०.३ सेकंद लागत तेथे आता ०.८ सेकंद लागतात. अर्धा सेकंद! दुसऱ्या कोणी सोडून दिले असते. त्याने सोडले नाही. हा वेळ कोठे जातो, हे तो खणत गेला आणि २९ मार्च २०२४ रोजी त्याने सारे जगजाहीर केले. तोवर त्या आवृत्त्या बहुतेक चाचणीच्या वितरणांतच पोचल्या होत्या, त्या लगेच मागे घेतल्या गेल्या. जिया टॅन खरा कोण, ते आजतागायत उघड झालेले नाही.

गुरुजनहो, वर्गात ही गोष्ट सांगाल तेव्हा दोन गोष्टी जरूर सांगा. सगळ्यांच्या उपयोगाची वस्तू एकटाच माणूस थकून सांभाळत असेल, तर चोर तेथेच मदतनीस होऊन येतो. तेव्हा अशा माणसाला खऱ्या मदतीचा हात वेळेवर मिळाला पाहिजे. आणि दुसरी अशी की, उत्तर बरोबर आले तरी ‘‘गुरुजी, याला उशीर का लागला?’’ असे विचारणाऱ्या पोराला गप्प बसवू नका.