मुक्ताबाईंची पणती

सेवेच्या इतिहासांत थोरांचींच नांवें गाजतात. म्हणून ह्या महोत्सवप्रसंगीं आम्ही एका खेडवळ आरोग्यसेविकेचें स्मरण करितों.

इ. स. १९७० सालीं तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्यानें कार्य आरंभिलें. बाहेरून आलेल्या परिचारिका खेड्यांत रुजेनात. तेव्हां गांवानेंच आपल्यांतील एक स्त्री निवडावी, असें ठरलें. ह्या स्त्रिया बहुधा निरक्षर व गरीब, कित्येक तर अस्पृश्य मानिलेल्या जातींतील; परंतु बाळंतपण, हगवण, मुलांचें पोषण ह्यांचें ज्ञान मिळवून तें त्यांनीं घरोघर नेलें.

त्यांतील मुक्ताबाई पोळ १९८८ सालीं वॉशिंग्टनच्या आरोग्यपरिषदेंत बोलावयास उभ्या राहिल्या. सभागृहांतील झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनीं सांगितलें कीं, डॉक्टर असे देखणे, पण महाग व दूर. आम्ही साध्या पणत्या, परंतु एका पणतीनें दुसरी लावितां येते.

२००५ नंतर देशांत आशा सेविकांची योजना आली. जळगांव-धुळ्याच्या वाड्यावस्त्यांत दारीं येणारी आशाताई त्याच वाटेनें चालते. तिची जात न विचारतां तिला मानानें बसवावें व तिचें सांगणें ऐकावें, इतकें तरी आपल्या हातीं खास आहे.