ख्रिस्ती बालशिक्षण, महाराष्ट्रातील

शाळेत जाण्याआधीच्या आणि पहिली-दुसरीच्या वयातील मुलांना खेळ, गाणी, हस्तकाम व बायबलमधील गोष्टी यांतून दिले जाणारे शिक्षण. शिष्य मुलांना अडवीत असताना येशूने त्यांना कवेत घेऊन आशीर्वाद दिला, हा मार्ककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील प्रसंग त्याचा आधार होय. मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत हे काम रविवारच्या शब्बाथशाळेत आणि रोजच्या बालवर्गात चालत आले आहे.

बालवर्गाची पद्धत जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल (1782–1852) याची. पाळकाच्या घरी जन्मलेल्या फ्रोबेलने 1837 मध्ये ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली; पुढे तिला ‘किंडरगार्टन’ हे नाव मिळाले. निसर्ग, माणूस आणि ईश्वर एकाच सूत्रात ओवलेले आहेत व मूल खेळता खेळता ते सूत्र ओळखते, अशी त्याची श्रद्धा होती. म्हणून मुलाच्या हाती आधी सहा रंगांचे लोकरीचे चेंडू, मग लाकडी गोल, घन व दंडगोल येत. पाटीवरची अक्षरे त्यानंतर.

ही पद्धत महाराष्ट्रात आणण्यात पंडिता रमाबाईंचा (1858–1922) वाटा मोठा आहे. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर त्या 1886 मध्ये अमेरिकेस गेल्या. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी फिलाडेल्फियात गेलेल्या रमाबाईंनी तेथे फ्रोबेलची पद्धत शिकून घेतली. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत त्यांचे शारदा सदन निघाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास गेले. बालविधवांच्या या शाळेत किंडरगार्टनला स्थान देण्यामागे खोल विचार होता : जिचे बालपण हिरावले गेले, तिला ते थोडेतरी परत मिळावे आणि शिक्षिका म्हणून स्वतःच्या पायावर उभेही राहता यावे.

1893 मध्ये शारदा सदनातील धर्मांतराच्या प्रश्नावरून वाद पेटला. ‘केसरी’ने कडाडून टीका केली, न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले. लहान वयात श्रद्धा शिकवावी की नाही, हा प्रश्न या शिक्षणाला तेव्हापासून चिकटला आहे आणि तो टाळण्याजोगा नाही. पालकांच्या पूर्ण संमतीवाचून असे शिक्षण देऊ नये, हेच त्याचे प्रामाणिक उत्तर ठरते.

1896–97 च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून सुमारे 300 मुली व स्त्रिया आणल्या. त्यांच्यासाठी दौंड तालुक्यातील केडगाव येथे मुक्ती सदन उभे राहिले. उपाशी, भेदरलेल्या मुलांना आधी अन्न आणि माया, मग धडे, हा क्रम तेथे परिस्थितीनेच घालून दिला.

आज महाराष्ट्रात असलेला भंडारा जिल्हा त्या काळी याच मध्य प्रांतात होता. तेथील ख्रिस्ती कार्य नागपूरला 1840 च्या दशकात आलेल्या स्टीफन हिस्लॉप यांच्या स्कॉटिश मिशनच्या परंपरेतले; भंडाऱ्यात मिशनचा दवाखाना होता. जिल्ह्याच्या खेड्यांत आज लहान मुलाची पहिली शाळा म्हणजे अंगणवाडी; ही योजना 1975 ची. घरी झाडीबोली बोलणाऱ्या मुलाला पहिली गाणी व गोष्टी त्याच बोलीत ऐकवाव्यात. अंगणवाडी असो वा शब्बाथशाळा, हे दोन्हीकडे शक्य आहे.

मराठी पूर्वप्राथमिक शिक्षणाची कथा सहसा ताराबाई मोडक आणि 1926 च्या नूतन बालशिक्षण संघापासून सांगितली जाते. ती शारदा सदनापासून सांगितली पाहिजे.